शांतवनचे कान

"मग मी कुठे कमी पडलो, बुवा?"

थोमाबुवांनी मान वर केली नाही. ओसरीवर चिंचांचा ढीग पडला होता. बुवा एकेक चिंच उचलत होते, टरफल काढत होते, चिंचोके बाजूला टाकत होते.

"इतकी वर्षं तुमच्यामागे पेटीला मी बसलो. सगळी आख्यानं मला तोंडपाठ. तुम्ही आजारी होता तेव्हा कीर्तनं मी सांभाळली. आणि उत्तम शुक्रवारी उभा राहणार आमोस?"

"हं."

"माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा."

"काही कमी नाही."

"मग...?"

बुवांनी मूठभर चिंचा त्याच्यापुढे सरकवल्या. शांतवन चिंचा फोडू लागला.

थोमाबुवा आढाव हे प्रवरेकाठच्या त्या गावातले जुने ख्रिस्ती कीर्तनकार. प्रभू येशूच्या कथा ओव्यांतून, साक्यांतून रंगवून सांगण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. आता गुडघे साथ देत नव्हते. फार वेळ उभं राहवत नव्हतं.

शांतवन लोंढे हा त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. प्राथमिक शाळेत मास्तर. कसलं व्यसन नाही, कधी वाकडं पाऊल नाही, रविवारची उपासना चुकवणं नाही. बुवांच्या मागे आपणच, हे त्याने मनात केव्हाच धरून ठेवलं होतं.

आमोस पाटोळे त्या मानाने कालचा. मिसरूड फुटायच्या आत तो घर सोडून तमाशाच्या फडात पळाला होता. तिथे मुख्य गाणाऱ्यामागे झील धरली, नको ते सगळे नाद केले, आणि एका सकाळी परत येऊन गावच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर बसून राहिला. एसटी स्टँडजवळ त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बुवांनी त्याच्या हाती टाळ दिले. मग एक पद गायला दिलं. आणि आता उत्तम शुक्रवार दिला.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आसपासच्या गावांची मंडळी तिथे लोटायची. वधस्तंभाचं आख्यान ज्याला मिळेल तो बुवांच्या जागी आला, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

"शांतवन," बुवा म्हणाले, "तुला आमोसचं काय काय खुपतं?"

"मला कशाला खुपेल?"

बुवांनी आणखी एक चिंच फोडली.

"...सांगू?"

"सांग."

"श्वास पुरत नाही त्याला. ओळ मध्येच तोडतो."

बुवांनी हातातली चिंच खाली ठेवली. डोळे मिटले.

"प्रभू, आमोसला श्वास दे. आमेन."

आणि पुन्हा चिंच उचलली.



"उद्यापासून रोज सकाळी ये," बुवा म्हणाले. "जे खुपेल ते सांग. एक शब्दही गाळायचा नाही."

घरी जाताना शांतवनचं मन थोडं हलकं झालं होतं. बुवांना पारखून घ्यायचं असेल, असं त्याने धरलं. अजून काही बिघडलेलं नाही. आमोसचं एकेक उणं पुढे आलं, की बुवा आपणहून निर्णय फिरवतील.

त्या दिवसापासून तो पेटीवर बसून नुसता आमोसला ऐकू लागला. बोटं आपोआप चालायची. कान आमोसच्या गळ्यावर. कुठे शब्द खाल्ला, कुठे सूर निसटला, कुठे फडातली लकब आली, काही म्हणून सुटत नसे. मंडळी डोळे मिटून डोलायची. शांतवनचे डोळे उघडे असायचे.

सकाळी तो ओसरीवर हजर.

"यरुशलेम शब्द त्याला नीट म्हणता येत नाही, बुवा."

"प्रभू, आमोसच्या जिभेला वळण दे. आमेन."

"पद संपलं की बायकांच्या बाजूला बघून हसतो. फडातली सवय."

"प्रभू, आमोसची नजर सांभाळ. आमेन."

"लोकांनी मान डोलावली की जास्तच चढतो."

"प्रभू, आमोसला वाहवेपासून राख. आमेन."

शांतवनला त्या आमेनचा राग येऊ लागला. तो विस्तव घेऊन जायचा आणि बुवा त्यावर हात शेकून घ्यायचे. पण जाणं त्याला सोडवतही नव्हतं. आमोसविषयी बोलायला दुसरी जागा नव्हती. बायकोजवळ, विमलजवळ तो बोलला असता, पण तिलाही आमोसचं गाणं आवडायचं.

एका संध्याकाळी तालमीत आमोस येशूला जिथे पकडलं त्या गेथशेमाने बागेचं पद गात होता. वरच्या सुरावर आवाज गेला, टिकला, आणि उतरताना त्याच्या खाली काहीतरी खरखरलं. कोरडं पान पायाखाली यावं इतकंच.

कुणाला ऐकू आलं नाही. बुवा पुढेच बसले होते, ते मान हलवत राहिले.

शांतवनची बोटं पेटीवर थांबली.

ती खरखर त्याच्या ओळखीची होती. त्याचे वडीलही कीर्तनकार. लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून त्याने ती ऐकली होती. आधी अशीच, उतरताना. मग चढताना. मग एका कीर्तनात त्यांनी ताणून सूर लावला आणि आवाज फाटला तो फाटलाच. मरेपर्यंत वडील घरात कुजबुजत बोलले. मुलाला हाक मारायची तर टाळी वाजवायचे.

तालीम संपल्यावर आमोस त्याच्याजवळ आला. खाली बसून त्याने पेटीचा भाता बंद करायला हात लावला.

"दादा, एक विचारू का?"

"विचार."

"वर गेलं की इथं टोचतंय." त्याने कंठाला बोट लावलं. "चार दिवस गप बसू का? का काही नाही त्यात?"

शांतवनने त्याच्याकडे पाहिलं. नेमकं काय सांगायला हवं, ते त्याच्याइतकं त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

"बसलेला गळा आहे," तो म्हणाला. "जोर लाव. मोकळा होईल."

"जोर लावू?"

"लाव की."

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार," आमोस म्हणाला, आणि पेटी उचलून त्याने कपाटात ठेवली.

दुसऱ्या सकाळी बुवांनी विचारलं, "आज काय?"

"आज... काही नाही."

"काहीच नाही?"

"चांगला गायला काल."

बुवांनी हात जोडले, डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. बराच वेळ. आमेन आलंच नाही.

"मग मी आज त्याच्यासाठी काय मागू?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

शांतवन उठला. शाळेला उशीर होतोय म्हणाला.

त्या दिवशी दुपारी घराचं दार लोटून तो आख्यान म्हणायला बसला. सुरुवातीपासून. विमल पाण्याची कळशी घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे तर यंदा आमोसभाऊंकडे आहे ना?"

"पाठ असलेलं बरं."

"का? त्यांना काय झालंय?"

शांतवनने तोंड फिरवलं. विमलने कळशी खाली ठेवली आणि आत गेली.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी ओसरीवर जायचं. बुवांनी विचारायचं. काही नाही, म्हणायचं. बुवा हात जोडून गप्प बसायचे आणि त्यालाही समोर बसून राहावं लागायचं. त्या गप्प बसण्यात त्याला ती खरखर ऐकू यायची. झाडांवर कावळे ओरडत असले तरी यायची.

इकडे आमोस रोज जोर लावत होता. खरखर आता चढतानाही येत होती. मंडळी म्हणत होती, काय आर्त झालाय आवाज. एका म्हातारीने तर डोळे पुसले.

शांतवन हे ऐकत होता. आणि मनात कुठेतरी, स्वतःलाही नीट दिसू न देता, दिवस मोजत होता.

मग ती तालीम आली. आमोसने वधस्तंभाखालच्या मरियेचं पद घेतलं. वरच्या सुराला मानेच्या शिरा फुगल्या. सूर लागला, आणि लागतानाच त्याला चीर गेली. बारीक. वडिलांच्या सुराला शेवटी गेली होती तशीच.

आमोसने पद सोडलं नाही. गाता गाता त्याने पेटीकडे वळून पाहिलं, शांतवनकडे, आणि हसून मान हलवली. तुम्ही सांगितलं तसंच करतोय, अशा विश्वासाने.

शांतवन पेटीवरून उठला. भाता उघडाच राहिला. तो बाहेर आला, देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीला टेकला आणि त्याला उलटी झाली.

सकाळी तो ओसरीवर गेला तेव्हा बुवा अजून तोंड धूत होते. त्यांनी पंच्याने चेहरा पुसला.

"आज काय?"

"त्याचा गळा जातोय, बुवा."

बुवांनी पंचा खांद्यावर टाकला.

"माझ्या बापाचा गेला तसाच. आता ताणला तर परत येणार नाही."

"कधीपासून?"

"...बरेच दिवस झाले."

"मला काही ऐकू आलं नाही," बुवा म्हणाले. "माझे कान थकले. वरचे सूर ऐकू येत नाहीत आता."

"कुणालाच नाही आलं. मला आलं."

"हं."

"त्याने मला विचारलं होतं, बुवा. मी जोर लाव म्हणालो. मला ठाऊक होतं... ठाऊक असून म्हणालो."

बुवा हळूहळू खाली बसले. शांतवन त्यांच्यापुढे गुडघ्यांवर आला. बुवांनी दोन्ही हात पुढे केले. आता ते कान पिळणार, असं त्याला वाटलं. पिळले असते तर बरं झालं असतं.

बुवांनी त्याच्या दोन्ही कानांवर तळहात ठेवले. आशीर्वाद देताना डोक्यावर ठेवतात, तसे. आणि तसेच धरून ठेवले.

सगळं मुकं झालं. कावळे, रस्त्यावरची बैलगाडी, सगळं. त्या मुकेपणात शांतवनला फक्त बुवांचे ओठ हललेले दिसले.

बुवांनी हात काढले.

"काय मागितलंत?" शांतवनने विचारलं.

"ते माझं झालं. आता आमोससाठी तू माग."

शांतवनने हात जोडले. "प्रभू..." म्हणाला. पुढे शब्द येईना. आमोसचं नावच तोंडातून निघेना. पुन्हा "प्रभू" म्हणाला, आणि थांबला.

"राहू दे," बुवा म्हणाले. "आधी त्याच्याकडे जा."

"तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो."

"मी काय सांगू? मला कुठे ऐकू आलंय?"

आमोस दुकानात होता. पाण्याने भरलेल्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. त्याने "सलाम, दादा" म्हटलं तेव्हा आवाज इतका घोगरा होता, की बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानेही वळून पाहिलं.

शांतवनने गिऱ्हाईक जाईपर्यंतही वाट पाहिली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खरखर, वडील, टाळी वाजवून मारलेली हाक. आणि शेवटी तेही.

"तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं, आमोस. तुझा गळा जावा म्हणूनच मी तसं सांगितलं."

घमेल्यात बुडबुडे येत होते. आमोस त्यांच्याकडे बघत राहिला. पंक्चर सापडलं होतं, तरी त्याने ट्यूब वर काढली नाही.

"तुम्ही जा आता, दादा," तो म्हणाला.

"नगरला घशाचे डॉक्टर आहेत. मी येतो बरोबर."

"मी जाईन. तुम्ही जा."

तो एकटाच नगरला गेला. डॉक्टरांनी आत आरसा घालून घसा पाहिला. वेळेत आलात म्हणाले. पावसाळा लागेपर्यंत गाणं तर नाहीच, बोलायचंही नाही. मग आवाज येईल. पहिल्यासारखा येईल का, ते त्यांनी सांगितलं नाही.

उत्तम शुक्रवार तोंडावर आला होता.

"आता तू उभा राहा," बुवा शांतवनला म्हणाले.

"मी नाही राहणार."

"का?"

"हे मी असंच मिळवायला निघालो होतो. मिळालं. आता ते हातात धरवत नाही."

"तुला धरायला कोण सांगतंय? लोक कथा ऐकायला येतात. त्यांना कथा दे."

"माझ्या तोंडाने?"

"दुसरं कुणाचं आणू?" बुवा म्हणाले.

त्या दिवशी देऊळ भरून माणसं बाहेर लिंबाखालीसुद्धा बसली होती. पेटीवर बुवा स्वतः बसले. शांतवन मध्ये उभा राहिला आणि टाळकऱ्यांसाठी मागे वळला, तर तिथे गळ्याला मफलर गुंडाळून आमोस उभा होता. झील धरणाऱ्याच्या जागी. हातात टाळ.

त्याने शांतवनकडे पाहिलं नाही.

आख्यान सुरू झालं. शांतवनचा आवाज साधा, कोरडा. मंडळी थोडी चुळबुळली. त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी कीर्तन मनात धरून ठेवलं होतं. मागून टाळ मात्र नेटका येत होता, एक ठेकाही न चुकता.

शांतवन गेथशेमाने बागेत आला. शिपाई आले. येशूच्या शिष्याने, पेत्राने, तलवार उपसली आणि मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला. हे त्याला वर्षानुवर्षं तोंडपाठ होतं. पुढची ओवी ओठांवर तयार होती. प्रभूने हात पुढे केला, आणि...

शांतवन थांबला.

बुवांची बोटं पेटीवर तशीच राहिली. टाळही थांबला.

"...आणि त्याच्या कानाला हात लावला," शांतवन म्हणाला. गायला नाही, नुसता म्हणाला. "धरायला आलेल्या माणसाच्या कानाला."

मागून टाळाचा एक हलका ठोका आला. मग दुसरा. शांतवनने ओवी उचलली.

पुढे त्याच पेत्राने भीतीपोटी तीनदा 'मी येशूला ओळखत नाही' म्हणणं आलं. अंगणातला विस्तव आला, दासी आली, कोंबडा आला. जिथे जिथे आमोस श्वास घ्यायचा, तिथे तिथे शांतवन श्वास घेत होता. जी लकब त्याने उणं म्हणून बुवांना सांगितली होती, तीच त्याच्या गळ्यातून येत होती. त्याने ती आणली नव्हती. इतके दिवस कान लावून बसल्यावर ती आत जाऊन राहिली होती.

कीर्तन संपल्यावर रिबकाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, काठी टेकत त्याच्यापाशी आली.

"शांतवन," ती म्हणाली, "दरसाल आम्ही पेत्राचं ऐकतो. आज तू ते स्वतःचं आठवून सांगितलंस, बाबा."

शांतवन वाकला. तिने त्याच्या ओल्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

त्याने मान वर केली, तर पलीकडे लिंबाखाली आमोसला माणसांनी घेरलं होतं. कुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी मधाची बाटली आणली होती. एक जण मोठ्याने म्हणत होता, "कीर्तन चांगलंच झालं. पण आमोस, तू असतास तर..."

आणि शांतवनच्या छातीत काटा रुतला. तोच, जुना. जरासुद्धा बोथट न झालेला.

तो तसाच आत गेला. देऊळ रिकामं झालं होतं. बुवा जमिनीवर हात टेकून उठायचा प्रयत्न करत होते. शांतवनने त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः खाली बसला.

"बुवा, गेलं नाही ते."

"काय?"

"मला वाटलं कबूल केलं, सांगून आलो, आज रडलोही... आता सुटलो. आत्ता बाहेर एक माणूस त्याचं नाव काढून बोलला आणि पुन्हा तसंच झालं. तसंच्या तसं."

बुवा दम घेत होते.

"मी उपास धरतो," शांतवन म्हणाला. "कीर्तन सोडतो. गाव सोडून बदली मागून घेतो. तुम्ही म्हणाल ते करतो. पण हे मरत कसं नाही?"

बाहेरून माणसांचा गलबला येत होता. दारात येऊन आमोस उभा राहिला. बुवांना घरी न्यायला आला असावा. शांतवनला पाहून तो उंबऱ्यातच थांबला. आत आला नाही, मागेही फिरला नाही.

बुवांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा शांतवनकडे.

"मारू नकोस त्या हेव्याला," ते म्हणाले. "आमोसचा गळा जातोय ते तुला त्याच्यामुळेच ऐकू आलं. त्याला बाप्तिस्मा दे."